पांढरे केस येऊ दिले तो हंगाम

परवा सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला आणि यंदाचा हंगाम सुरू झाला. आष्ट्यात आमचं घर मुख्य रस्त्यापासून थोडं आत आहे, तरी उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की खिडकीच्या काचा थरथरतात. रस्त्याच्या कडेला पाचट साठतं. मळीचा आंबूस-गोड वास दिवस चढेल तसा घरात शिरतो आणि पडद्यांना चिकटून राहतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी येऊन बसते. बारीक आणि मऊ असते ती. झटकली तर पसरते, म्हणून हलकेच फुंकायची असते.

गावाला या दिवसांत उत्साह असतो. चहाच्या गाड्यांवर गर्दी, दुकानांत वर्दळ. मला मात्र हा वास आला की दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. आईचा शेवटचा. त्याच हंगामात मी केस रंगवणं सोडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी नेहमीसारखा घरीच केसांना डाय लावला. तीस वर्षं लावत होते. जुना ब्रश, जुनी साडी, कानांच्या पाळ्यांना खोबरेल तेल, सगळं ठरलेलं. त्या दिवशी डोक्यावर निखारे ठेवल्यासारखी आग सुरू झाली. धुऊन टाकलं तरी थांबेना. लक्ष्मीपूजनाला माझे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते आणि रांगोळी यांनी काढली होती, वाकडीतिकडी. सांगलीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी चिमटीत केस धरून मुळं पाहिली आणि सांगितलं, ‘‘आता आयुष्यभर नाही. पुढच्या वेळी श्वास बंद होईल.’’

मी घरी आले तेव्हा पुढच्या खोलीत आई खाटेवर बसली होती. तिनं विचारलं, ‘‘केस रंगवलंस न्हवं?’’

हा तिचा कायमचा प्रश्न. लग्न झाल्यापासून माहेरी गेले की पायांवर पाणी पडायच्या आत ती माझ्या भांगाकडे बघायची. मुळाशी पांढरं दिसलं की तोंड पडायचं तिचं. ‘‘जरा नीटनेटकं ऱ्हावं बाईच्या जातीनं,’’ म्हणायची. बाळंतपणात, सासूबाईंच्या दुखवट्यात, कधीही तिनं हा प्रश्न चुकवला नाही. मला राग यायचा. वाटायचं, हिला माझ्यापेक्षा माझ्या केसांची काळजी जास्त.

आमच्या घराण्यातच केस लवकर पिकतात. आईची थोरली बहीण, जिला आई आक्का म्हणायची, पस्तिशीतच पांढरीशुभ्र झाली होती. आक्का शिराळ्यात राहायची; तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नागपंचमीला आम्ही तिच्याकडे जायचो, तेव्हा बाहेरगावची माणसं तिला आईची आई समजत. मी तिच्यावर गेले. नाक, जिवणी, आणि केस. एकोणिसाव्या वर्षी माझ्या कानशिलावर पहिली पांढरी बट आली, आणि पाहुणे बघायला यायचे ठरले तोवर निम्मं डोकं करडं झालं होतं. त्या दिवशी सकाळी आईनं मला गोठ्यात नेलं, म्हशीच्या आडोशाला पाटावर बसवलं आणि आक्कानं आणून दिलेली काळ्या मेंदीची पुडी कालवून माझ्या केसांना फासली. वडिलांनाही सांगितलं नाही. दुपारी मी पोहे घेऊन बाहेर गेले तेव्हा माझी वेणी इतकी काळी होती, की मलाच ती दुसऱ्या कुणाची वाटली. लग्न जमलं.

आईनं त्यानंतर मला पांढरी कधी बघितलीच नाही. तिच्या डोळ्यांतली नंदा म्हणजे काळ्या लांब वेणीची नंदा.

वडील गेल्यावर ती गावात एकटीच होती. माझा धाकटा भाऊ सुभाष फौजेत. त्याचं ठिकाण दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं. मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी चुलीवर दूध, मग घरची वाट. शेजाऱ्यांनी तिला दोनदा ओढ्याजवळून परत आणली, तेव्हा मी तिला आष्ट्याला घेऊन आले. दुपारपर्यंत ती बरी असायची. माणसं ओळखायची, पालेभाजी निवडायची, माझ्या मुलीच्या लग्नातल्या गोष्टी सांगायची, नावं चुकवून. दिवस उतरायला लागला की तिचा चेहरा ढगाळायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाला शमीमचं पार्लर आहे. एकच खोली, दोन खुर्च्या. मी तिला डॉक्टरांचं सांगितलं आणि विचारलं, ‘‘एकदम सगळा काळा रंग काढून टाकता येतो का?’’

‘‘येतो की. ब्लीच मारायचं, एका दिवसात काम हुतंय,’’ ती म्हणाली. ‘‘पण ताई, केस झाडूवानी हुतील. हातात येतील. आणि तुमची कातडी आता कसलंच औषध सोसणार नाही. येऊ द्यात हळूहळू. घाई केली की नुकसान.’’

मग तिनं मला सांगितलं ते मी, एक गोष्ट सोडली तर, तो सबंध हंगाम पाळलं. गरम पाणी डोक्यावर घ्यायचं नाही. ओल्या केसांतून फणी घालायची नाही. न्हायच्या आधी खोबरेल तेल, रुंद दातांचा कंगवा, सैल अंबाडा. रंगवलेला केस कोरडा नि कमजोर असतो, तो टोकाकडून थोडा थोडा कापत जायचा, म्हणजे फाटा वर चढत नाही. आधी कमरेपर्यंतची वेणी तिनं पाठीच्या मध्यावर आणली. ‘‘दर महिन्याला या,’’ म्हणाली. ‘‘एवढंएवढंच घेईन.’’

केस किती सावकाश वाढतात ते रंगवणाऱ्याला कधी कळत नाही. मला इतकी वर्षं ते शत्रूसारखे भराभर वाढतात असं वाटायचं. आता वाट बघायला लागले तर हलेनात. आधी भांगात खडूची रेघ ओढल्यासारखी दिसली. मग ती रेघ रुंद झाली. कानशिलांवरून पांढरं खाली उतरलं. जुना काळा रंग तांबूस पडत चालला. आरशात बघितलं की वाटायचं, दोन बायका एकाच डोक्यावर राहायला आल्यात आणि त्यांचं आपसात पटत नाही.

मी वाचनालयात काम करते. पुस्तकं बदलायला येणाऱ्या बायका आधी माझ्याकडे बघायच्या, मग पुस्तकांकडे. ‘‘बरं नाही का मॅडम?’’ एकीनं विचारलं. ‘‘घरी काही वाईट झालं का?’’ दुसरीनं. पांढरे केस म्हणजे काहीतरी घडून गेलेलं असणार, अशीच समजूत सगळ्यांची. मी हसून ‘‘ॲलर्जी,’’ म्हणायचे. त्या मान हलवायच्या, पण त्यांना ते पटायचं नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. आपण एकाएकी दहा वर्षांनी पुढे ढकलले गेलोय आणि मधली वर्षं कुणीतरी परस्पर काढून घेतलीत असं वाटायचं.

पौषातली गोष्ट असेल. मी आईला दुपारी पेज द्यायला गेले. तिनं वाटी घेतली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि एकदम तिचा चेहरा फुलला.

‘‘आक्का! कवा आलीस गं?’’

‘‘आई, मी नंदा.’’

‘‘न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘नंदी अशी हाय व्हय? तिचं केस बघितल्यात का तू? काळंभोर.’’

मी पदर डोक्यावरून घेतला, पुढं ओढला, पुन्हा म्हटलं, ‘‘आता बघ.’’ ती घाबरली. खाटेच्या भिंतीकडच्या कडेला सरकली. मी पदर मागं टाकल्यावर पुन्हा शांत झाली आणि म्हणाली, ‘‘बस गं आक्का. दमली असशील.’’

त्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मी स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी असले, की आई दारातून म्हणायची, ‘‘नंदे, जरा च्या टाक.’’ मागून तिला माझा काळा अंबाडा दिसायचा. मी वळले की मी आक्का. तिला त्यात काही चुकतंय असं वाटायचंच नाही. आक्काला विचारायची, ‘‘नंदी कुठं गेली आत्ता? हितंच हुती की.’’

एका दुपारी मी मेडिकलमधून डायची पुडी आणली. डॉक्टरांचं बोलणं कानात होतं, पण दुसऱ्या कानात आईचं ‘नंदी कुठं गेली’ होतं. थोडीशी कालवून कानामागं टिकलीएवढी लावली. घटकाभरात तिथं पुरळ उठलं आणि पापण्या जड व्हायला लागल्या. ती तशीच शमीमकडं गेले. तिनं बर्फ लावला. ‘‘साधी मेंदी लावून बघू या का?’’ मी विचारलं. ‘‘ती लाल चढंल,’’ ती म्हणाली. ‘‘त्येनं तुमची आई काय ओळखणार?’’ त्या महिन्याला तिनं कात्री हातात घेतली तेव्हा मी म्हटलं, ‘‘नको. मागचं काळं राहू दे.’’

‘‘ताई, टोकं पार फाटल्यात.’’

‘‘फाटू देत.’’

कात्री तिनं ठेवून दिली. सांभाळून, नुकसान न होऊ देता वाढवायचं असं ठरवलेले ते केस मी जाणूनबुजून खराब होऊ दिले. काथ्याच्या दोरीसारखे झाले होते. पण आईला तेवढीच नंदा उरली होती.

मग मी आईकडे पाठ करून बसायला शिकले. सकाळी उन्हाला गच्चीवर सतरंजी टाकायची, आईला भिंतीला टेकवून बसवायचं आणि तिच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून, आपण बसायचं. डोक्यावर पदर, पदराखालून वेणी सोडलेली. ती वेणी सोडायची, कंगवा चालवायची, पुन्हा घालायची. ‘‘त्याल लाव की गं नंदे, किती कोरडं झाल्यात,’’ म्हणायची. मी समोर चिमणीच्या धुराकडे बघत ‘‘हो आई’’ म्हणायचे. लहानपणी ती वेणी घालताना केस इतके ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. आता तिच्या बोटांत जोर नव्हता. पाणी मात्र यायचं. तोंड वळवून तिच्याकडे बघावं, असं दर वेळी वाटायचं. वळले असते तर नंदा गेली असती.

ज्यांची आई अजून त्यांना तोंडावरून ओळखते, त्यांना हे कसं सांगावं ते मला कळत नाही. ओळखणं ही आपण आईकडून फुकट घेतलेली गोष्ट असते. ती ओळखते म्हणून आपण असतो, हे कधी ध्यानातही येत नाही.

माघ सरत आला होता. त्या दुपारी ती खाटेवर पडून होती आणि मी, म्हणजे आक्का, पाय चेपत होते. ती हळूच म्हणाली, ‘‘आक्का, दार लोट.’’

मी दार लोटलं.

‘‘नंदीला आपन फसवून दिली गं. पावण्यांना सांगितलं न्हाई. पोरीचं डोस्कं पांढरं हुतं, तू पुडी आनलीस, म्या फासली.’’ तिनं माझा हात धरला. ‘‘मला लय भ्या वाटतंय. कवा तरी ध्येनात यील त्येंच्या. मग आनून सोडतील तिला दारात. म्हून म्या तिला इचारती, सारकं इचारती, रंगवलंस का, रंगवलंस का. तिला राग येतो. येऊ दे. पर दिसाया नगं.’’

मी पाय चेपत राहिले. दुसरं काय करणार? तीस वर्षं. माझी मुलगी झाली, शिकली, तिचं लग्न झालं. सासू-सासरे माझ्या हातचं पाणी पिऊन गेले. आणि ही बाई शिराळ्याजवळच्या त्या खेड्यात बसून रोज वाट बघत होती, की आज माझ्या लेकीला परत आणून सोडतील. हे मला तिनं कधी सांगितलं नाही. नंदाला ती सांगणारच नव्हती. ते ऐकायला मला आक्का व्हावं लागलं.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘अगं, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचे. माझ्या आईनं एकदा विचारलंही होतं मला. म्हटलं, असू दे.’’

‘‘मला कधी बोलला नाहीत.’’

‘‘तू लपवत होतीस. म्हटलं, तुला बरं वाटत असेल त्यात.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. आईला म्हणाले, ‘‘मामी, एक सांगायचंय. नंदाचे केस पहिल्यापासून पांढरे आहेत हे मला माहीत आहे. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही कधी मनावर घेतलं नाही. तुम्ही काळजी करू नका.’’

आईचा चेहरा राखेसारखा झाला. ती उठून बसली, पदर सावरला, दोन्ही हात जोडले.

‘‘न्हाई ओ पावणं! कुनी सांगितलं तुमास्नी? खोटं हाय. पोरगीचं केस काळं हाईत. आनून दाखवू का? नंदे! ये नंदे, भाईर ये! यास्नी केस दाखीव तुजं!’’

मी पलीकडच्या खोलीत होते. तोंडावर पदर दाबून उभी होते. तिनं मला पुन्हापुन्हा हाका मारल्या, आणि मी गेले नाही, कारण जाऊन काय दाखवणार होते? हे बाहेर येऊन पायरीवर बसले. ‘‘चुकलंच माझं,’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘नाही.’’ कुणाचंच काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी आई काही जेवली नाही. खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली. कुणी बैलगाडी थांबवली की दचकायची.

दोन दिवस मी ते बघितलं. तिसऱ्या दिवशी मी न्हाले, काळी टोकं मागे बांधून पदराखाली घेतली, पुढचं पांढरं सगळं उघडं ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. आक्का जशी बोलायची तसं बोलले. ते बोलणं मला अजून येत होतं.

‘‘आगं, मी नंदीच्या घरला जाऊन आले.’’

‘‘व्हय?’’ ती उठायला लागली. ‘‘कशी हाय?’’

‘‘लय ब्येस हाय. त्यास्नी पहिल्यापास्नं ठावं हाय केसांचं. तिच्या सासूलाबी ठावं हुतं. कुनी काय म्हनलं न्हाई.’’

‘‘खरं सांगतीस?’’

‘‘तुजी शप्पत.’’

‘‘आनून सोडायची न्हाईत?’’

‘‘न्हाई गं. कवाच न्हाई.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. हेच सांगणाऱ्या जावयावर तिचा विश्वास बसला नव्हता. माझ्यावर, लेकीवर, बसला नसता. पण आक्कावर बसला. तिनं एक लांब श्वास सोडला, आडवी झाली आणि भर दुपारी, काचा थरथरत असताना, गाढ झोपली. इतकी स्वस्थ झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती. मी तिथंच बसून राहिले. मला वाटलं, आयुष्यात काहीतरी चांगलं काम आपल्या हातून झालं.

त्याची किंमत मला नंतर कळली. दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. आई दारात आली. मी वळले नाही, वाट बघत राहिले. ती म्हणाली, ‘‘आक्का, च्या टाक की.’’

मला वाटलं, चुकून. गच्चीवर नेलं, पुढ्यात बसले, वेणी सोडली. तिनं वेणी हातात घेतली, जरा कुरवाळली आणि म्हणाली, ‘‘आक्का, तुजं केस लय खराब झालं गं.’’

‘‘नंदाला बोलवू का?’’ मी विचारलं. तोंड न वळवता.

‘‘कशाला तिला बोलावतीस?’’ आई म्हणाली. ‘‘सुखात हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या की तिला.’’

त्यानंतर तिनं नंदाचं नाव घेतलं नाही. तिची ती भीती हाच आमच्यातला शेवटचा धागा होता, आणि तो मीच माझ्या हातानं सोडवला होता. मी परत तो बांधू शकले नाही. बांधायचा म्हणजे तिला पुन्हा घाबरवायचं. होळीनंतरच्या सोमवारी मी शमीमकडे गेले आणि म्हटलं, ‘‘घे सगळं.’’ पाणी मारून तिनं पांढऱ्याला लागून कात्री लावली. काळं सगळं खाली पडलं. मान हलकी आणि गार लागली. ‘‘एकबी केस तुटलेला नाही बघा वरचा,’’ ती आरसा धरून म्हणाली. ‘‘चांगला जोर आहे मुळांना.’’ आरशात आखूड पांढऱ्या केसांची एक ठीकठाक बाई होती. मी तिच्याकडे बघून मान डोलावली.

घरी गेले तर आईनं डोक्यावरून हात फिरवला. ‘‘जावळ काढल्यावानी दिसतीस,’’ म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मला आजही नीट ठेवता येत नाही कुठं. ते आक्कासाठी होतं.

मग तिनं अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता त्रास देऊ नका. सुभाषला कळवलं. तो दोन गाड्या बदलून आला. दारात बूट काढतानाच त्याला हुंदका आला. मला बघून क्षणभर थबकला, कारण त्यानंही मला अशी कधी बघितली नव्हती. ‘‘ताई,’’ एवढंच म्हणाला. मी त्याला आत नेलं.

आईनं डोळे उघडले. किती दिवसांनी तिची नजर स्वच्छ होती. ‘‘सुभाष आलास?’’ ती म्हणाली. त्याला तिनं लगेच ओळखलं. तो खाली बसला, तिचा हात गालाला लावला. तिनं दुसरा हात उचलून माझ्याकडे केला.

‘‘हिच्या पाया पड,’’ ती त्याला म्हणाली. ‘‘आक्का हाय ही. लय केलं माजं हिनं. पोटच्या पोरीनं केलं नसतं येवढं.’’

सुभाषनं माझ्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलणार होता. मी मानेनंच नको म्हटलं. तो वाकला, त्यानं माझ्या पायांना हात लावले, आणि मी आक्का द्यायची तसा त्याला आशीर्वाद दिला.